मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे

लग्नात मुलीला बोहल्यावर आणण्याचा मान तिच्या मामाचा, हे जुन्नर तालुक्यात कोणाला सांगावे लागत नाही. बहुतेक गावांतून हा मान आता हात धरण्यापुरता उरला आहे. मामा पुढे, भाची मागे आणि दोघांच्या मागे करवल्यांचा घोळका. निमगाव सावा येथील प्रयागबाईंच्या सासरच्या भावकीत मात्र जुनी चाल टिकून होती. तेथे मामाने भाचीला घराच्या उंबऱ्यावरून उचलायचे आणि थेट बोहल्यावर उतरवायचे. एकदा उचलल्यावर मध्ये तिचा पाय जमिनीला लागू द्यायचा नाही. लागला तर काही अरिष्ट ओढवते असे कोणी म्हणत नसे. पण मामाचे नाव मात्र लोकांच्या तोंडी कायमचे बसे.

प्रयागबाईंना भाऊ एकच, हौशीराम. माहेर येडगावचे. वाट्याला आलेली जमीन बेताची, म्हणून हौशीरामने तरुणपणीच मोटार रिवायंडिंगचे काम शिकून घेतले आणि नारायणगावात पेठेच्या तोंडाशी एक गाळा धरला. कालव्याचे पाणी फिरले तशा विहिरी वाढल्या. विहिरी वाढल्या तशा मोटारी वाढल्या. मोटारी वाढल्या तसे विजेचे व्होल्टेज पडले आणि व्होल्टेज पडले तशा मोटारी जळू लागल्या. या साखळीच्या शेवटच्या कडीला हौशीरामचा संसार टांगलेला होता आणि तो चांगला चालला होता.

काम बैठे होते. बुटक्या स्टुलावर बसायचे, जळालेली कॉइल उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार वेढ्याशेजारी वेढा अशी भरत जायची. मान खाली, पाठीची कमान झालेली. मोटार गाडीतून उतरवून आणायची ती शेतकऱ्याने आणि उचलून न्यायची तीही त्यानेच. एके काळी येडगावच्या तालमीची माती अंगाला लावलेला हा गडी स्टुलावर बसून बसून अशा घडणीचा झाला होता की, मागून पाहणाऱ्याला तो काही तरी शोधत आहे असे वाटावे.

सन १९९७ च्या वैशाखात थोरली भाची छबू हिचे लग्न निघाले. वैशाख म्हणजे विहिरींनी तळ गाठलेला, मोटारींच्या ऐन जळण्याचा हंगाम. लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत हौशीराम स्टुलावर वाकलेलाच होता. लग्नादिवशी मुलीकडच्यांचा उपास, म्हणून पोटात नुसता चहा. माईकवरून हाक आली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं," तसा तो पुढे झाला, कमरेत वाकला आणि आडातून भरली बादली हिसक्याने ओढावी तसे त्याने छबूला वर ओढले. काही पावले बरी गेली. मग कमरेत कोणी उघडी तार टेकवावी तशी कळ उठली आणि मुलीचा मामा भर मांडवात गुडघ्यांवर आला. छबूचे पाय, अर्धा शालू आणि मामाचा फेटा एकाच वेळी धुळीला लागले.

हौशीरामचा चुलतभाऊ बहिरू जवळच उभा होता. ट्रॅक्टर चालवणारा, अंगाने दणकट गडी. त्याने धावत येऊन छबूला अलगद उचलले आणि बोहल्यावर नेले. लग्न लागले. छबूचा संसारही पुढे नीट झाला. अरिष्ट कोणतेच आले नाही. जे आले ते सगळे हौशीरामच्या वाट्याला आले.

"काय हौशीराव, फ्यूज गेला म्हनं भर मांडवात?"

"आरं, मोटार तीन एचपीची आन् लोड पाचचा. जळंल न्हाई तर काय व्हईल?"

पहिले काही महिने तोही हसला. पण कंबर काही हसण्यावारी जाण्याजोगी राहिली नव्हती. थोडे बसले की भरून येई, थोडे उभे राहिले की ठणके. लेप झाले, शेक झाला, कमरेचा पट्टा झाला. आपली कंबर काचेची आहे हे एकदा मनाने घेतले तेव्हापासून त्याने पाण्याची कळशीसुद्धा उचलणे सोडले. आणि न उचललेल्या गोष्टींची यादी लांबत गेली तसा तो लोकांतूनही उठला. लग्नाचे निमंत्रण आले की आहेर बायकोच्या हाती धाडायचा. यात्रेला जायचे नाही. रात्री झोप लागायची नाही आणि सकाळी उठवायचे नाही. गिऱ्हाइकाशी बोलणे कामापुरते. बायको कुशाबाई पुरती वैतागली.

"कंबर धरलीय ती समजतं," ती म्हणाली, "पर तोंड कशानं धरलंय?"

त्याने कमरेचा पट्टा आणखी एक भोक आवळला.

चार-साडेचार वर्षे अशी गेली. २००१ ची दिवाळी झाली आणि प्रयागबाई दुकानात आल्या. आधी फराळाचा डबा ठेवला, मग बातमी सांगितली.

"हौशा, धाकट्या आरतीचं जमलं. वैशाखातली तिथ धरलीया. मंचरचा पोरगा हाये, औषधाचं दुकान हाये त्याचं."

"लई बेस झालं, आक्का."

प्रयागबाईंनी चहाची कपबशी हातात धरली आणि बशीतला चहा उगीच हलवत राहिल्या.

"दाजी म्हनत व्हते, बहिरूला सांगून ठेवू. तुझी कंबर ही आशी. तू आपला फेटा बांधून म्होरं चाल. मान तुझाच. त्यानी नुसतं उचलायचं."

"उचलायचं त्यानी, मग मान माझा कसा?"

"आता रागं भरू नको, बाबा. पोरगी खाली पडली म्हंजी?"

पोरगी पडली होती.  तो तारेचा गुंता सोडवत बसला. बहीण उठून दारापर्यंत गेली, तेव्हा मात्र तो म्हणाला, "बहिरूला सांगून ठेव. पर उंबऱ्यावर मी उभा ऱ्हानार. नाय जमलं, तर हाक मारीन त्याला."

"नक्की मारशील?"

"मारीन की."

बोलून तो बसला खरा. पण कशाच्या जोरावर बोललो हे त्यालाच ठाऊक नव्हते.

समोर खेमचंद शेठचे किराण्याचे दुकान होते. दोन-तीन पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेले घराणे. खुद्द खेमचंद जन्माने नारायणगावचे आणि बोलण्यानेही. वय साठीचे. त्यांच्या गोदामातला पंखा घरघरत होता, म्हणून त्या आठवड्यात एका सकाळी हौशीराम तो उतरवायला गेला. आत गुळाच्या ढेपांच्या आड त्याला जे दिसले, ते पाहून तो पान्हा हातात धरून उभाच राहिला. खेमचंद शेठ बंडी-पायजम्यावर, दोन्ही हातांत काट्याची कडीवाली लोखंडी वजने घेऊन, स्टुलावर बसल्यासारखे होत होते आणि पुन्हा उभे राहत होते. स्टूल मागे होते. पण त्यावर टेकत नव्हते. चेहरा शांत, जणू देवदर्शनाच्या रांगेत आहेत.

"शेठजी! ह्ये काय चाललंय?"

"दिसतंय ते." शेठजींनी वजने हळूच, आवाज न करता खाली ठेवली. "दुकानात विजेचा काटा आणला ना, मग ही सगळी रिकामी पडली. भंगारवाला मागत होता. त्याच सुमारास पुण्याच्या डॉक्टरांनी मला सांगितलं, शेठ, साखर वाढलीय, नुसतं चालून भागणार नाही, वजन उचला. म्हटलं, वजनाला आपल्याकडे काय तोटा?"

"आन् साखर?"

"आटोक्यात आहे. पण ते सोड. आधी दुकान बंद करताना मी कोणावर ना कोणावर खेकसायचोच. आता पिंटूची बायकोसुद्धा म्हणते, पप्पा निवळले." पिंटू म्हणजे त्यांचा मुलगा. "तुझी कंबर कशी आहे?"

"तीच तर अडचन हाये. कंबर दुखती म्हनून वजन उचलता येत न्हाई."

"किती वर्षं उचललं नाहीस?"

"चार वर्सं तरी झाली."

"मग दुखणं गेलं का?"

हौशीरामने पान्हा या हातातून त्या हातात घेतला. शेठजींनी उपरण्याने तोंड पुसले. "आधी डॉक्टरला दाखवून ये. मणक्यात काही नसेल तर उद्यापासून ये. असेल तर नुसता पंखा नीट कर."

नारायणगावच्या डॉक्टरांनी कमरेचा एक्स-रे काढला, वाकवून पाहिले, पाय उचलून पाहिले. मणके जागच्या जागी होते. बिघडले होते ते मणक्यांना धरून ठेवणारे स्नायू. न वापरल्याने ते जुन्या इलॅस्टिकसारखे सैल पडले होते. डॉक्टर म्हणाले, "कंबर मोडलेली नाही, निजलेली आहे. हळूहळू जागी करा. आणि कळ पायात उतरली तर थांबून मला दाखवा."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. हौशीरामला वाटले होते, आपल्याही हातात वजने येतील. शेठजींनी पुष्कळ दिवस त्याला वजनाला हातच लावू दिला नाही. नुसते स्टुलावर बसायचे आणि हातांचा आधार न घेता उठायचे. छाती पुढे, ढुंगण मागे, टाचा जमिनीला.

"शेठजी, ह्ये तर मी दिवसभर करतो. बसतोच की स्टुलावर."

"बसतोस. उठतोस कुठं?"

पहिल्या दिवशीच्या उठाबशांचा परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळी घराच्या मागच्या बाजूला, उकिडवे बसण्याच्या जागी प्रकट झाला. तेथून बाहेर यायला हौशीरामला इतका वेळ लागला की कुशाबाईने दारावर थाप मारली. मांड्या अशा दुखत होत्या की जणू भाड्याने आणल्या आहेत. गंमत अशी की कंबर दुखत नव्हती. किंवा दुखत असेल. पण मांड्यांच्या आरड्याओरड्यात तिचे कोणी ऐकत नव्हते.

मग पाच किलोचे वजन आले, छातीशी धरायला. पुढे दहाचे. शेठजींचे नियम थोडे होते आणि पक्के होते. ओझे अंगाशी धरायचे, लांब धरले की ते दुप्पट होते. वाकायचे ते कमरेतून नाही, खुब्यातून. उठताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. एक दिवस उचलायचे, एक दिवस विसावा. कारण ताकद उचलताना येत नाही, उचलून झाल्यावर झोपेत येते. आणि आजच्यापेक्षा उद्या थोडेसेच जास्त. "घाई करशील तर पुन्हा मांडवात बसशील," एवढे एक वाक्य पुरेसे असे. जेवणावरही त्यांचे लक्ष होते. स्वतः सूर्यास्तानंतर काही न खाणारे शेठजी हौशीरामला मटकीची उसळ, शेंगदाणे आणि दूध यांवर व्याख्यान देत. घरी कुशाबाई त्याच ताटात अंडी उकडून ठेवी आणि म्हणे, "शेठजींना नगा सांगू."

पौषाच्या थंडीत एक गोष्ट हौशीरामच्या ध्यानात आली. गोदामात वजन छातीशी धरून खाली जाताना आणि वर येताना डोक्यात दुसरे काही राहतच नसे. ना मांडव, ना फेटा, ना लोकांचे हसणे. दहा किलो लोखंड माणसाला दुसरीकडे पाहू देत नाही. तेवढा वेळ मन धुऊन वाळत घातल्यासारखे होई आणि पुढे दिवसभर ते तसेच हलके राही. रात्री अंथरुणाला पाठ लागली की झोप येऊ लागली. भूक लागू लागली. एकदा कॉइल भरता भरता तो शीळ घालत होता. समोरच्या गिऱ्हाइकाने चमकून पाहिले, तेव्हा कुठे ते त्याच्या लक्षात आले. घरातली कळशी तो कधी उचलू लागला ते कुशाबाईला सांगता आले नसते. तिने पाहिले आणि मुद्दाम काही बोलली नाही.

होळीपर्यंत शेठजींचे सर्वांत मोठे वजनही हलके वाटू लागले. आता पुढे काय, असा प्रश्न पडला. उत्तर हौशीरामच्या दुकानातच ओळीने मांडलेले होते. दुरुस्तीला आलेल्या मोटारी! तीनची निराळी, पाचची निराळी. आरतीच्या वजनापर्यंत नेणारा जिनाच जणू. सकाळी दुकान उघडले की तो एखादी मोटार बाकावरून अंगाशी कवटाळून उचलायचा, दुकानाच्या टोकापर्यंत चालायचा आणि परत आणून ठेवायचा.

या व्यायामात एक धोका होता आणि तो कमरेला नव्हता. रिवायंडिंगवाल्याकडे पाहताना शेतकऱ्याच्या मनात एक संशय कायमचा घर करून असतो: गडी आपले चांगले तांबे काढून घेतो आणि हलकी तार भरतो. एका सकाळी सावळेराम नावाचा शेतकरी आपली पाच हॉर्सपॉवरची मोटार न्यायला लवकर आला. दाराच्या फटीतून त्याला दिसले ते असे: हौशीराम आपली मोटार दोन्ही हातांनी छातीशी धरून, डोळे मिटून, तिचे वजन अजमावत उभा आहे.

आठवडे बाजाराचा दिवस होता. सावळेरामने आत पाऊल न टाकता रस्त्यावरूनच आवाज चढवला.

"आरं, जोखून बगतुया! माजी मोटार जोखून बगतुया! किती तांबं काढलं रं?"

माणसे गोळा झाली. आणखी एकाला आठवले की गेल्या महिन्यात आपलीही मोटार याने अशीच उराशी धरली होती. हौशीरामने सांगून पाहिले की तार नवी आहे, भरीव आहे, खोलून दाखवतो.

"मंग उचलून कशापायी बगत व्हता? लाड करत व्हता का तिचा?"

सांगण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. ज्या पेठेने चार वर्षे टोमणे मारले, त्याच पेठेसमोर हौशीराम म्हणाला, "वैशाखात भाचीचं लग्न हाये. तिला उचलायची हाये मला. येक डाव पाडली, आता पाडायची न्हाई. तुमची मोटार तिच्यायेवढी भरती, म्हनून."

 मग जो हशा उठला तो निराळ्या जातीचा होता. सावळेराम पुढे आला, आपल्या मोटारीकडे पाहिले, हौशीरामकडे पाहिले आणि म्हणाला, "मंग मोटार ऱ्हाऊ द्या आठ दिस. आमच्या हिरीला तसंबी पानी न्हाई."

तेव्हापासून गुपित असे काही उरले नाही. मोटार आणणारा विचारी, "मामा, किती आलं?" कोणी साडेसातची आणून देऊ का म्हणे, कोणी आपली बायको आणून उभी करतो म्हणे. शेठजी समोरच्या दारातून ओरडून सांगत, "पाठ! पाठ सरळ!" चेष्टा तीच माणसे करत होती, पण आता ती हौशीरामच्या बाजूला उभी राहून करत होती. तो लग्नांना जाऊ लागला. मात्र जितके लोक वाढले तितकी एक गोष्ट अवघड झाली. आता पडला असता तर एका भावकीसमोर नव्हे, अर्ध्या तालुक्यासमोर पडला असता.

वार्ता निमगावला पोहोचली आणि एके दिवशी कॉलेज सुटल्यावर आरतीच दुकानात आली. हातात वह्या, चेहऱ्यावर चिंता.

"मामा, मी भात सोडू का लग्नापर्यंत?"

"आगं, कशापायी?"

"तेवढंच हलकं."

"खुळी का काय तू? पोटभर जेव. मी सावळेरामची मोटार उचलतो, ती काय जेवायची थांबती का?"

ती हसली आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "मामा, खरं सांगू? मला बहिरूमामा नको. सगळ्या अंगाला तंबाखूचा वास येतो त्यांच्या. आणि छबूताईला उचललं तेव्हा म्हणाले होते, पोतं जड आहे."

हौशीराम त्या दिवशी दुकान बंद होईपर्यंत अधूनमधून एकटाच हसत होता.

२००२ चा वैशाख. प्रयागबाईंच्या दारात मांडव, मांडवाच्या पलीकडच्या टोकाला बोहले आणि मध्ये लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांची गर्दी. खेमचंद शेठ पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्या मागे नारायणगावच्या पेठेतली निम्मी मंडळी. सावळेराम तर वऱ्हाडाच्याही आधी आला होता. उंबऱ्यापाशी हौशीराम उभा होता. हात-दोन हातांवर बहिरू, बाह्या सरसावून. हौशीरामने यंदा उपास मोडून सकाळी दूध-केळी खाल्ली होती आणि ते बहिणीला रीतसर सांगितलेही होते.

"मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

तो वाकला नाही. खाली बसला, एक हात भाचीच्या पाठीमागे, एक गुडघ्यांखाली, तिला अंगाशी ओढले आणि श्वास सोडत उठला. आरती वर आली, बांगड्या किणकिणल्या आणि पेठेच्या रांगेतून एक शिट्टी वाजली. तो चालू लागला. मांडवाचे निम्मे अंतर सहज गेले.

तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली. कोणी पुढारी आले होते. आपल्या भागातल्या लग्नात मुहूर्तापेक्षा पुढारी मोठा असतो हे लहान मूलही जाणते. माईकवरचा माणूस मंगलाष्टकांच्या तयारीतून क्षणात सत्काराच्या तयारीत शिरला. "आपल्या सर्वांचे लाडके नेते यांचं आगमन झालेलं आहे. सर्वांनी जागेवर थांबावं. शाल, श्रीफळ देऊन..." भटजींनी अंतरपाट गुंडाळला. वाट माणसांनी भरली. आणि मुलीचा मामा मुलीला हातांवर घेऊन मांडवाच्या मधोमध उभा राहिला.

शाल आली; नारळ सापडेना. नारळ आला आणि पुढाऱ्यांनी माईक हातात घेतला.

बहिरू मागून कानाशी लागला. "हौशा, दे इकडं. हात भरून आलं आसत्याल."

भरून आले होते. खोटे बोलण्यात अर्थ नव्हता. हौशीरामने पहिल्या रांगेकडे पाहिले. शेठजींनी मान किंचित हलवली आणि डोळ्यांनी जवळच्या खुर्चीकडे पाहिले. हौशीराम दोन पावले सरकला आणि भाचीला मांडीवर घेऊन त्या खुर्चीवर बसला. पाय जमिनीला लागलेले नव्हते. चाल मोडलेली नव्हती. बायकांत खसखस पिकली.

प्रयागबाई मात्र बोहल्यापाशी पदराचे टोक चावत उभ्या होत्या. बसला तो बसला, आता उठणार कसा? खुर्ची बुटकी, मांडीवर शालू-दागिन्यांसह पोरगी आणि चाळिशी ओलांडलेला भाऊ. बहिरूनेही बाह्या पुन्हा सरसावल्या.

"मामा," आरती कुजबुजली, "दुखतंय का?"

"न्हाई. तू गप बस. ह्ये किती बोलत्यात गं?"

"मागच्या लग्नात अर्धा तास बोलले होते."

भाषण पाणीप्रश्नावर गेले, तेथून कन्येच्या महतीवर आले आणि टाळ्यांत संपले. भटजींनी अंतरपाट उलगडला. सगळ्या मांडवाचे डोळे त्या लाल खुर्चीकडे वळले. हौशीरामने टाचा मागे घेतल्या, भाचीला छातीशी घट्ट धरले, अंग पुढे झुकवले. पेठेच्या रांगेत कोणी तरी "पाठ!" म्हणून ओरडले. हातांचा आधार घ्यायचा प्रश्नच नव्हता; हात गुंतलेले होते. मांड्यांनी क्षणभर विचार केला. मग त्याने श्वास सोडला आणि तो उठला. डुलला नाही, अडखळला नाही, नुसता उठला. बहिरूने आपण होऊन वाट मोकळी करायला सुरुवात केली. "सरका, सरका, मामा आलं!"

आरतीचे पाय बोहल्यावर टेकले तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही, कारण सगळ्यांच्या मुठीत अक्षता होत्या. त्या मुहूर्ताआधीच मामाच्या डोक्यावर पडल्या. भटजी रागावले.

लग्न लागले. पंगत बसली. मामाचे ताट प्रयागबाई स्वतः घेऊन आल्या. हौशीराम मांडवाच्या खांबाला टेकून बसला होता आणि त्याने हात उपरण्याखाली घेतले होते.

"जेव की. हात बाहीर काढ."

त्याने काढले. दोन्ही हात असे थरथरत होते की द्रोणातले वरण ताटात सांडले. बहिणीने ते पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"दुखतंय का रं कुठं? कमरंत?"

"कमरंत काय बी न्हाई, आक्का. दंडांत दुखतंय आन् मांड्यांत दुखतंय." त्याने हातांकडे पाहिले. "लई झकास दुखतंय."

प्रयागबाईंनी द्रोण सरळ केला. मग म्हणाल्या, "बहिरूला तरी मी कशापायी सांगून ठेवलं व्हतं?"

"वाट करायला."

त्या हसल्या, पदराने डोळे टिपले आणि त्याच्यासमोर बसून ताट दोन्ही हातांनी उचलून धरले. वाढप्यांनी दोनदा हाका मारल्या, विहीणबाई कोठे गेल्या म्हणून चौकशी झाली; पण भावाचा शेवटचा घास होईपर्यंत त्यांनी ते खाली ठेवले नाही.